मोडीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त

पुण्यात कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार घ्या, की मुंबईतला मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार घ्या. पथारीवर मांडलेल्या पितळी तांब्याला तिथे दोन किमती असतात. एक वजनाची. ती किलोवर ठरते, धातूच्या बाजाराबरोबर खालीवर होते, आणि तांब्याचा घाट, वय, त्यावरची नक्षी हे काही ती जमेस धरत नाही. भट्टीत घातल्यावर सगळं पितळ सारखंच. दुसरी किंमत गिऱ्हाइकाच्या मनात असते. विकणारा ती ओळखायला बघतो, घेणारा ती लपवायला बघतो, आणि घासाघीस चालते ती याचसाठी. महाराष्ट्राच्या घरगुती इतिहासाचा जो काही भाग आज हाताला लागतो, तो या दोन किमतींमधल्या फरकामुळे टिकला आहे, असं माझं म्हणणं आहे. आपण संग्रहालयांना श्रेय देतो आणि ते द्यायलाही हवं. पण संग्रहालयात पोहोचण्याआधी बहुतेक वस्तू कुणीतरी मोडीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतलेली असते. हे चार पैसे द्यायला जिथे कुणी उभं राहिलं नाही, तिथली वस्तू गेली. ती मौल्यवान होती म्हणून वाचली असं झालं नाही. उलट मौल्यवान होती म्हणून आधी गेली.

या बाजारात माल येतो कुठून, हे आधी पाहायला हवं, कारण 'चोर' या शब्दामुळे निम्म्या लोकांना त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. व्हिक्टोरिया राणीचं हरवलेलं व्हायोलिन चोरबाजारात सापडल्याची गोष्ट तर पर्यटकांना हमखास सांगितली जाते. ती ऐकीव आहे आणि तशीच ऐकावी. खरा पुरवठा कितीतरी कंटाळवाणा आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते. ती उडाली की ताक कळकतं, आमटी कळकते. दारावर कल्हईवाला येत होता, भाता फुंकून, नवसागर टाकून कथिल फिरवून देत होता, तोवर पितळेचा संसार चालला. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि कल्हईचा प्रश्नच मिटला. जुन्या साड्या आणि पँटी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा, आणि पितळी सतेली, पराती, घागरी भांड्यांच्या दुकानात मोडीत घालून नव्या भांड्यांच्या किमतीतून ती रक्कम वळती करून घ्यायची, अशी रीत पडली. गिझर आला तसा तांब्याचा बंब माळ्यावर गेला. नळ घरात आला तशी घडवंची आणि घंगाळ अडगळीत गेली. यात चोरी कुठेच नाही. हजारो गृहिणींनी शहाणपणाने घेतलेले निर्णय आहेत, आणि रोज चिंच-राखेने पितळ घासणाऱ्या बाईला त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार निदान संग्राहकाला तरी नाही.

दुसरा मोठा पुरवठा वाड्यांचा. 1948 चा कूळकायदा आणि पाठोपाठ इनामं खालसा करणारे कायदे यांनी वाड्यांच्या मालकांचं गावाकडचं उत्पन्न आटवलं. त्याच वर्षी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी घरं सामानसुमानासकट गेली आणि माणसं शहराकडे आली. शहरातल्या वाड्यात बिऱ्हाडं ठेवावीत तर 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, दुरुस्ती परवडेना. भावाभावांच्या वाटण्या, कोर्टकज्जे, भिंतीला टेकू, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, आणि शेवटी बिल्डर, हा क्रम पुण्याच्या पेठांत इतका ठरून गेला की कोणत्याही वाड्याची उत्तरकथा त्यावर बेतता येईल. वाडा उतरवायला घेतला की सागवानी खांब, तुळया, दारं, गणेशपट्टी हे सगळं लाकूडवाला घेतो, लोखंड भंगारवाला घेतो, कागद रद्दीवाला घेतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये न मावणारं जे उरतं ते पथारीवर येतं. गोव्यातही 1961 च्या मुक्तीनंतर जुन्या घरांतलं कोरीव फर्निचर असंच बाहेर पडलं. तिथे कारण थोडं वेगळं, घरातली माणसं परदेशी आणि कुलूपबंद घराला वारस फार. वस्तू बाजारात येते ती तिच्या मागचं घर मोडलं म्हणून. बाजार घर मोडत नाही, तो मोडलेल्या घराच्या दारात उभा असतो. दारात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात वजनकाटा असतो आणि दुसऱ्याला ती वस्तू तशीच हवी असते, एवढाच मुद्दा.

आता मघाच्या विधानाकडे येतो, की मौल्यवान ते आधी गेलं. सोन्याचं उदाहरण सगळ्यात उघड आहे. मराठी घरांत दागिने मोडून नवे घडवण्याची चाल इतकी रुळलेली आहे की पणजीची ठुशी किंवा गोठ सहसा जसेच्या तसे उरत नाहीत. लेकीच्या लग्नात आटवून दुसरं काही होतं. घडणावळ बुडते ती बुडते, सोनं घरातच राहतं, त्यामुळे हिशेब चोख. परिणाम असा की अठराव्या शतकातल्या मराठी स्त्रीच्या अंगावर काय होतं हे कळायला आपल्याला चित्रं, बखरी आणि दागिन्यांच्या याद्या चाळाव्या लागतात, पण तिच्या घरातला अडकित्ता, वज्री, कुंकवाचा करंडा मात्र प्रत्यक्ष हातात घेता येतो. नाण्यांचंही तसंच. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन आज मोजक्या संग्रहांत आहे. तांब्याची शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यापाड्यांत चालत होती आणि आजही जुन्या बाजारात मुठीने मिळते. यावर कुणी म्हणेल की होन मुळातच कमी पाडले, शिवराया ढिगाने पाडल्या, मग होन दुर्मीळ असणारच. बरोबर आहे, आणि नाण्यांच्या बाबतीत माझा दाखला तेवढ्यापुरता कच्चा आहे. म्हणून जिथे संख्या हा मुद्दाच येत नाही असा दाखला पाहू.

सिनेमाच्या फिल्मवर चांदीचा थर असतो. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून बोलपट येईपर्यंत या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले आणि आज त्यांतले पूर्ण स्वरूपात पाहायला मिळणारे बोटांवर मोजता येतात. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते, हे एक कारण. पण दुसरं कारण भट्टीचंच. चित्रपट उतरला की त्याच्या रिळांना दोनच किमती उरत: चांदी काढणाऱ्याची आणि शून्य. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळं गोळा केली, पण तोवर चांदीवाले पुढे गेले होते. पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 चा. त्याची एकही प्रत कुठे नाही. आता गंमत पाहा. याच काळात थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, त्या हलक्या कागदावरच्या चार-आठ पानी पुस्तिका, त्या मात्र उरल्या. त्यांत चांदी नव्हती. रद्दी म्हणून त्यांचं वजन इतकं क्षुल्लक की त्या मोडीत घालण्यानेही कुणाचं भलं होणार नव्हतं. त्या ट्रंकेच्या तळाशी राहिल्या, तिथून रद्दीत, रद्दीतून मटन स्ट्रीटवर, आणि तिथून अशा लोकांच्या हातात ज्यांना सिनेमाचं वेड होतं. नाहीशा झालेल्या चित्रपटांचं कथासूत्र, नटसंच, गाण्यांची संख्या आज अभ्यासकाला सांगता येते ती पुष्कळदा या चोपड्यांवरून. चित्रपट बनवायला हजारो लागले, चोपडी छापायला पैसे. टिकली ती चोपडी, कारण तिची मोड शून्याजवळ होती आणि हौशी माणसाला ती परवडत होती. रवि वर्मा प्रेसच्या रंगीत देवदेवतांच्या तसबिरी आणि 78 गतीच्या लाखेच्या तबकड्या यांचीही कथा याच वळणाची. तबकडी वितळवून फार काही मिळत नाही, म्हणून बालगंधर्वांचा आवाज रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या कपाटांत शिल्लक आहे.

संग्रहालयं तरी कशावर उभी राहिली? मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, 1922 मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याच्या दालनांतला गाभा शेठ पुरुषोत्तम मावजी, रतन टाटा आणि दोराबजी टाटा या खासगी संग्राहकांकडून आलेला आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्याला जमवलेली चित्रं आणि कागदपत्रं पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली. आणि दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला लागला, तेव्हा जुनी वस्तू म्हणजे शस्त्र, शिल्प किंवा राजाचं सिंहासन एवढीच प्रतिष्ठित समजूत होती. केळकरांनी दिवे घेतले, अडकित्ते घेतले, कुलपं, दौती, फण्या, वज्र्या, सोऱ्या, खेळणी, दारं घेतली. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा राहिलेला हा राजा केळकर संग्रह 1975 मध्ये त्यांनी शासनाच्या हवाली केला. बाजीराव रोडवरच्या त्या वास्तूत आज वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि एका वेळी मांडता येतात जेमतेम अडीच हजार. केळकरांच्या नजरेचं कौतुक पुष्कळ झालं आहे. माझं लक्ष जातं ते त्यांच्या खर्चाच्या बाजूकडे. सरकारी खात्याला अडकित्ता घ्यायचा तर कोणत्या मथळ्याखाली, कोणत्या समितीच्या मंजुरीने, किती रुपयांना? तेवढी टिपणं फिरेपर्यंत तो अडकित्ता तांबटाच्या मुशीत. त्याउलट मोडवाल्याच्या ढिगासमोर उभं राहून, खिशात हात घालून, वजनाच्या भावावर थोडं चढवून वस्तू उचलणारा माणूस त्याच मिनिटाला निर्णय घेतो. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभं केलं, शेतीची आणि कारागिरांची टाकून दिलेली अवजारं हजारोंनी जमवली, तेही याच पद्धतीने. लाकडी नांगर जळणाच्या भावात जातो. त्याला वाचवायला जळणाच्या भावापेक्षा थोडंच जास्त लागतं, पण ते त्या दिवशी लागतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सरळ आहे. हा बाजार चोरीचा माल पचवतो; देवळांतल्या मूर्ती इथूनच जातात; त्याचा गौरव कसला करता? चोरीचा माल तिथे येतच नाही असं म्हणणं बाळबोध ठरेल. गाडीचे आरसे, मोबाइल, कधी गावच्या देवळाची समई, येतं सगळं. पण मूर्तींच्या मोठ्या चोऱ्यांचा जो इतिहास न्यायालयांत आणि तपासांत उघड झाला आहे त्याची वाट वेगळी दिसते. तमिळनाडूतल्या शिवपुरमच्या नटराजाचं प्रकरण घ्या. दुरुस्तीला दिलेली मूळ मूर्ती बदलून देवळाला नक्कल परत गेली, मूळ मूर्ती मुंबईतल्या संग्राहकाच्या हातून न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेकडे नऊ लाख डॉलरांना गेली, आणि 1986 मध्ये भारताला परत मिळाली. मुंबई या साखळीत आहे, हे नाकारता येत नाही. पण ती दिवाणखान्यातली मुंबई आहे, पथारीवरची नव्हे. ज्या वस्तूला परदेशात लाखो मिळतात ती रविवारी सकाळी फुटपाथवर जुन्या चपलांशेजारी मांडण्याइतका चोर खुळा नसतो. पथारीवरच्या बाजाराचा मोठा गुन्हा वेगळाच आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरा आक्षेप नकली मालाचा. त्यात पुष्कळ तथ्य आहे आणि जाणत्याला त्याचा विनोदही वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीने 1818 साली पाडलेलं म्हणून विकलं जाणारं राम-दरबाराचं नाणं कंपनीने कधी पाडलंच नव्हतं. तरी ते बाजारात आहेच, आणि वर ते तांदूळ ओढून घेतं म्हणून लाखोंना गळ्यात मारणाऱ्या टोळ्याही पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. जहाजावरच्या पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रं रुरकी-मुरादाबादकडून नवीकोरी येतात आणि आम्लाच्या हाताने शंभर वर्षांची होतात. भोंग्याच्या ग्रामोफोनचं तर खास तंत्र आहे. भोंगा नवा, चकचकीत पितळेचा. पेटी नवी, बहुधा अष्टकोनी, कारण ती शोभते. आतलं किल्लीचं यंत्र मात्र एखाद्या जुन्या, बिनभोंग्याच्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेलं, आणि दर्शनी बाजूला कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं. हे गाणं वाजवतं, म्हणून घेणाऱ्याला शंका येत नाही. पण त्या एका दिखाऊ पेटीसाठी एक खरा, साधा, चालू स्थितीतला ग्रामोफोन पोटातून रिकामा केलेला असतो. नक्कल इथे अस्सल खाऊन वाढते, हा या धंद्यावरचा आरोप मला पूर्ण मान्य आहे. एवढंच म्हणेन की नक्कल शोभेच्या आणि भाव आलेल्या वस्तूंची होते. ज्या चोपड्या, वज्र्या, मापटी, शेर, आणि मोडी लिपीतले फुटकळ कागद यांच्याबद्दल मी बोलतो आहे, त्यांची नक्कल करण्याइतकी कमाई त्यांत अजून नाही, आणि इतिहासाच्या कामी त्याच जास्त येतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि त्यासमोर माझ्या म्हणण्याला वाकावं लागतं. बाजार वस्तू वाचवतो, पण तिचा पत्ता पुसतो. इतिहासाच्या दृष्टीने पत्ता नसलेली समई ही निम्मी समई. ती कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातली, वऱ्हाडातल्या देशमुखाच्या गढीतली, की सोलापूरकडच्या मठातली, हे कळलं तर तिच्यावरून काही सांगता येतं. नाही कळलं तर ती सुंदर आहे एवढंच. केळकरांच्या आणि त्यांच्यासारख्या संग्रहांतल्या कितीतरी वस्तूंखाली स्थळ म्हणून एखाद्या प्रदेशाचं आणि काळ म्हणून एका अख्ख्या शतकाचं नाव असतं, त्याचं मूळ इथे आहे. मोडी कागदांत हे अधिक बोचतं. वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगावच्या माळ्यांवरून दप्तरं उतरवत बावीस खंडांपर्यंत मजल गेली. त्यांच्या पिढीच्या संशोधकांची कायमची तक्रार ही, की दप्तरं वाण्याच्या पुड्यांत आणि बंबाच्या जळणात जात आहेत. त्यातून सुटलेले कागद आज जुन्या बाजारात मिळतात, पण सुटे. सांगली, औंध, फलटण, कोल्हापूर अशा संस्थानांचे मुद्रांक असलेले दस्त तर खास मागणीचे. कशासाठी? वरच्या छापील मुद्रांकासाठी. तिकिटं जमवणारं गिऱ्हाईक तेवढी पट्टी घेतं, म्हणून पुष्कळदा विकणाराच ती कात्रीने कापून वेगळी ठेवतो आणि खालचा खरेदीखताचा, वाटणीपत्राचा, गहाणाचा मजकूर रद्दीत जातो. शाळांतून मोडी गेल्याला सत्तरएक वर्षं झाली. विकणाऱ्याला खालचं वाचता येत नाही, आणि घेणाऱ्यालाही नाही. चार पैसे जास्त दिले गेले, पण ते मुद्रांकाला दिले गेले. दस्ताची मोड झालीच.

या विस्मरणाला एकटा बाजार जबाबदार नाही, कायद्याचाही त्याला हातभार आहे. 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा 1976 मध्ये अमलात आला. 100 वर्षांवरची वस्तू आणि 75 वर्षांवरचं हस्तलिखित त्याच्या व्याख्येत येतं. विक्रीला परवाना हवा, मूर्ती-चित्रांसारख्या वर्गांची नोंदणी हवी, आणि देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कुणालाही नाही. मूर्तींची गळती रोखण्यासाठी असा कायदा हवाच होता. पण त्याचा पथारीवर काय परिणाम झाला असेल याचा विचार करा. परवाना नसलेला विक्रेता 'हा लामणदिवा अमुक गावच्या अमुक वाड्यातला, दीडशे वर्षांपूर्वीचा' असं म्हणाला, तर तो स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करतो. 'माहीत नाही साहेब, घरातलं जुनं आहे' म्हणाला, तर तो सुरक्षित. वस्तूची हकीकत सांगितल्याने भाव चढायला हवा. इथे ती सांगण्यात धोका आहे, म्हणून ती पहिल्याच हाताबदलात गळते. वय आणि गाव स्वेच्छेने सांगणाऱ्याला संरक्षण मिळेल, देव्हाऱ्यातली मूर्ती आणि स्वयंपाकघरातला तांब्या यांना एकाच तराजूत तोललं जाणार नाही, असा बदल या कायद्यात व्हायला हवा. त्याची चर्चा अधूनमधून होते ती मात्र मोठ्या व्यापाऱ्यांच्या आणि लिलावघरांच्या सोयीने.

पत्ता टिकला तर काय होतं, याचं उदाहरण ताजं आहे. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. ही युरोपी पात्याची फिरंग. अशी पाती मराठ्यांकडे पुष्कळ होती आणि जगभरच्या संग्रहांत ती शेकड्यांनी असतील. ही ओळखता आली, कारण तिच्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत 'सेनासाहेब सुभा' या किताबासह रघुजींचं नाव कोरलेलं आहे. ते नाव घासलेलं असतं तर शासन त्या लिलावाकडे फिरकलंही नसतं. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचं जडजवाहीर, हत्ती-घोडे कंपनीने लिलावात काढले. त्यांतल्या बिननावाच्या वस्तू आज कुणाच्या कपाटात असतील तर त्या कुणालाच ओळखता येणार नाहीत.

सेनासाहेब सुभ्यांना जे सोन्याच्या पाण्याने लाभलं ते मराठी घरांनी छिन्नीने साधलं होतं. भांड्यावर नाव घालायची आपली जुनी चाल. तांब्याच्या गळ्याखाली किंवा परातीच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली ओळ: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या गावी, शके किती किंवा सन किती. पंगतीला शेजारपाजारची भांडी एकत्र होत, ती परत ओळखता यावीत हा मूळ हेतू. गावकीच्या हंड्यांवर देवस्थानाचं नाव असे, ते चोरीला अडसर म्हणून. कुणाचाही इरादा इतिहास लिहिण्याचा नव्हता, पण या ओळींत आडनावं आहेत, नाती आहेत, मामाने भाचीला काय दिलं हे आहे, तारीख आहे. दहा हजार भांड्यांवरच्या अशा ओळी कुणी उतरवून घेतल्या तर विसाव्या शतकातल्या मराठी लग्नाच्या देण्याघेण्यावर एक भरभक्कम ग्रंथ होईल. आणि बाजारात नेमकी हीच ओळ खोट समजली जाते. शोभेसाठी घेणाऱ्याला परक्या माणसाचं नाव आपल्या दिवाणखान्यात नको असतं, म्हणून माल मांडण्याआधी तो बफिंगच्या चाकावर जातो, पितळ सोन्यासारखं चमकतं आणि नाव उडतं. मूर्तीचोरांपेक्षा हा चकचकीतपणा मला जास्त महागाचा वाटतो. पथारीवरचा बाजार ज्या गुन्ह्यात सापडतो असं मी मघाशी म्हटलं तो हा, आणि त्यात घेणारा आणि विकणारा बरोबरीचे भागीदार आहेत.

तरीही निकाल द्यायचा तर तो मी बाजाराच्या बाजूने देईन. पत्ता पुसलेली समई निम्मी खरी, पण वितळलेली समई शून्य. राजवाडे, पारसनीस, केळकर, नायर यांना जे मिळालं ते भट्टी, बंब आणि चांदीवाला यांच्या तावडीतून सुटलेलं होतं, आणि ते सोडवणारे पहिले हात बहुतेक वेळा विद्वानाचे नव्हते. ज्याला चार पैसे सुटतील अशी आशा होती त्या पथारीवाल्याचे होते. चोरबाजार ज्या भागात आहे त्या भेंडीबाजाराचा पुनर्विकास साडेसोळा एकरांवर चालू आहे, पुण्याच्या पेठांत वाडे रोज उतरताहेत, आणि पितळेचा भाव वर जाईल तशी भट्टीची बाजू बळकट होत जाणार आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अजून माळा शिल्लक आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. वस्तू काढून टाका, ठेवायचा आग्रह नाही. पण टाकण्याआधी एका चिठ्ठीवर गाव, घर, ती कुणाची होती आणि कशाला वापरत हे लिहून आत ठेवा. मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीवाल्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा. 1910 पासून त्यांचं ते कामच आहे. आणि जुन्या बाजारातून एखादं भांडं घेतलंत, त्यावर कुणा अनोळखी बाईचं नाव असलं, तर ते पॉलिशवाल्याला घासू देऊ नका. पाहुण्यांना विचित्र वाटलं तर वाटू द्या.